शाळेच्या फीआधी मुदत ठेवींचा हिशेब

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा असून २०१४ पासून लंडनमधील हॅरो येथे राहतो व संगणक क्षेत्रात नोकरी करतो. माझा पगार वर्षाला ८५,००० पौंड आहे. पत्नी फार्मासिस्ट असून आठवड्यातून तीन दिवस काम करते. तिला २८,००० पौंड मिळतात. दोघांचे मिळून दरमहा ६,६०० पौंड हातात येतात. गृहकर्जाचा हप्ता २,००० आणि घरखर्च २,६०० पौंड आहे. भारतात ९० लाख रुपयांच्या एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीच्या) मुदत ठेवी, पुण्यात एक सदनिका आणि मुलाच्या शिक्षणासाठी २०१९ मध्ये घेतलेली एक पॉलिसी आहे. मुलाचा जन्म ऑगस्ट २०१६ चा आहे. सप्टेंबर २०२७ मध्ये सातव्या इयत्तेसाठी त्याला मुलांच्या एका नामांकित खासगी शाळेत घालावे, अशी इच्छा आहे. फी व्हॅटसह ३०,००० पौंड आहे. ट्यूटरच्या मते त्याला निम्मी स्कॉलरशिप मिळेल. उरलेल्या फीसाठी घरावर वाढीव कर्ज घ्यावे की ठेवी मोडाव्यात? ठेवींचे व्याज करमुक्त असल्यामुळे त्या मोडू नयेत, असे मला वाटते. बर्सरीच्या, म्हणजे उत्पन्न तपासून मिळणाऱ्या फीसवलतीच्या, अर्जात भारतातील मालमत्ता लिहिण्याची गरज नाही, असे एक सहकारी सांगतो. प्रवेशासाठी देणगी द्यावी लागते का? धाकटी मुलगी सहा वर्षांची आहे.

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत गंभीर बाब तुम्ही प्रश्न म्हणून विचारलेलीच नाही. ‘ठेवींचे व्याज करमुक्त असल्यामुळे’ हे शब्द तुम्ही सहज लिहून गेला आहात. एनआरई ठेवींच्या व्याजाला मिळणारी सूट ही भारताच्या प्राप्तिकर कायद्यापुरती आहे. ब्रिटनचा रहिवासी म्हणून तुमचे जगभरातील उत्पन्न ब्रिटनमध्ये करपात्र ठरते आणि त्यात हे व्याजही येते. भारतात त्यावर काहीच कर कापला जात नसल्यामुळे दुहेरी करआकारणी टाळण्याच्या कराराखाली वजा करण्यासारखेही काही उरत नाही. ठेव उघडताना बँकेतला माणूस ‘टॅक्स फ्री’ हे दोन शब्द ठासून सांगतो. कोणत्या देशात, हे तो सांगत नाही आणि ग्राहकही विचारत नाही. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या पत्रांत ही चूक मला इतक्या वेळा दिसते की आता तिचा राग येतो, आणि तो राग ग्राहकापेक्षा विकणाऱ्यावर अधिक आहे.

रक्कम पाहू. ९० लाखांवर वर्षाला साधारण ६ लाख रुपये व्याज, म्हणजे पौंडाला ११५ रुपये धरून ५,२०० पौंड. तुम्ही ४० टक्क्यांच्या टप्प्यात आहात, त्यामुळे व्याजावरील ५०० पौंडांची सवलत वजा जाता एकाच वर्षाचा कर सुमारे १,९०० पौंड होतो. ठेवी हळूहळू वाढत गेल्या असे गृहीत धरले, तर मागील सात वर्षांचा कर ९ ते १० हजार पौंडांच्या घरात जातो. विलंबाचे व्याज आणि दंड मिळून १३ ते १४ हजारांची तयारी ठेवावी. त्याआधीच्या वर्षांत व्याज २,००० पौंडांच्या आत असेल आणि ते ब्रिटनमध्ये आणलेले नसेल, तर त्या वेळच्या नियमांनुसार त्यावर कर लागत नव्हता. मात्र तेच जुने व्याज शाळेच्या फीसाठी लंडनला आणलेत की ते करपात्र होते. अशा रकमांसाठी २०२५ पासून तीन वर्षांची सवलत योजना सुरू आहे. पहिली दोन वर्षे १२ टक्के आणि २०२७-२८ मध्ये १५ टक्के दर आहे. जुने व्याज कोणते आणि मुद्दल कोणते, हे वेगळे काढल्याशिवाय एकही ठेव मोडू नका.

हे कोणाला कळणार, असा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका. भारत आणि ब्रिटन या दोन्ही देशांचे कर खाते २०१७ पासून बँक खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप पाठवते. परदेशातील उत्पन्नाच्या बाबतीत ब्रिटनचे कर खाते, म्हणजे एचएमआरसी, १२ वर्षे आणि काही परिस्थितींत २० वर्षे मागे जाऊ शकते. माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या लेस्टरच्या एका कुटुंबाला एचएमआरसीचे परदेशी उत्पन्नाबाबत पत्र आले होते. पत्र दोनच पानांचे होते. सोबत आपली करस्थिती योग्य असल्याचे प्रमाणित करण्याचा एक फॉर्म होता, आणि घाबरलेल्या गृहस्थांनी त्यावर सही करून पाकीट चिकटवून ठेवले होते. ते पाकीट टपालात पडण्याआधी पत्नीने मला फोन केला, म्हणून पुढचा अनर्थ टळला. पत्र येण्याआधी स्वतःहून माहिती देणाऱ्याचा दंड बराच कमी होतो. पत्र आल्यावर देणाऱ्याचा दर चढतो, आणि चुकीच्या फॉर्मवर सही करणाऱ्याला फौजदारी कारवाईचाही धोका असतो. एचएमआरसीच्या परदेशी उत्पन्न जाहीर करण्याच्या सुविधेत नोंदणी केल्यावर हिशेब आणि रक्कम भरण्यास ९० दिवस मिळतात. २०२५-२६ चे व्याज नेहमीच्या विवरणपत्रात जाईल. त्यासाठी ५ ऑक्टोबर २०२६ पूर्वी नोंदणी करावी लागेल. दोन्ही देशांचे कायदे जाणणारा सल्लागार दीड-दोन हजार पौंड घेईल. ते पैसे कुरकुर न करता द्या.

आता तुमच्या सहकाऱ्याच्या सल्ल्याकडे वळतो. तो सल्ला या सगळ्यात घातक आहे. बर्सरीच्या अर्जात परदेशातील घर, ठेवी आणि विमा यांसाठी सर्वसाधारणपणे स्वतंत्र रकाने असतात, खाली दोन्ही पालकांच्या सह्या असतात, आणि अनेक शाळा माहितीची शहानिशा करण्यासाठी तपासनीस घरी पाठवतात. खोटी माहिती उघड झाल्यास मदत बंद होते, दिलेली रक्कम परत मागितली जाते आणि मुलाची जागाही जाऊ शकते. दहा वर्षांच्या मुलाच्या शिक्षणाची सुरुवात आईवडिलांच्या खोट्या सहीने व्हावी, असे तुम्हालाही वाटत नसणार, याची मला खात्री आहे. शिवाय खरे आकडे लिहिल्यास एक लाखाहून अधिक एकत्रित उत्पन्न, ७८,००० पौंडांच्या ठेवी आणि पुण्याची सदनिका पाहता बर्सरीची आशा जवळजवळ नाहीच. तुम्ही तो अर्ज न भरलेलाच बरा.

स्कॉलरशिपबाबतही गैरसमज आहे. ईटन १४४० मध्ये सहाव्या हेन्रीने ७० निर्धन विद्यार्थ्यांसाठी स्थापन केले आणि सेंट पॉल्स १५०९ मध्ये जॉन कोलेट यांनी १५३ मुलांसाठी. त्या काळी स्कॉलर म्हणजे विनाशुल्क शिकणारा मुलगा. आज बहुतेक नामांकित शाळांनी पैसा गुणवत्तेकडून गरजेकडे वळवला आहे. गुणवत्तेची स्कॉलरशिप अनेक ठिकाणी फीच्या पाच-दहा टक्क्यांपुरती किंवा केवळ मानाची असते, आणि खरी मोठी सवलत उत्पन्न तपासून दिलेल्या बर्सरीतच मिळते. तासाला फी घेणाऱ्या ट्यूटरने ‘निम्मी’ हा शब्द कोणत्या आधारावर उच्चारला, हे त्याला लेखी विचारा. हिशेबात मी स्कॉलरशिप शून्य धरतो.

देणगीच्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात ‘नाही’ असे आहे. आपल्याकडच्या काही महाविद्यालयांमुळे जागा विकत घेता येते अशी समजूत पक्की झाली आहे. तुम्ही ज्या प्रकारच्या शाळेचा विचार करत आहात तेथे तिचा उपयोग नाही. नोंदणी शुल्क भरून साधारण शरद ऋतूत नाव नोंदवायचे, मग परीक्षा, मग मुलाखत आणि सध्याच्या मुख्याध्यापकांचा अभिप्राय, असा तेथील क्रम असतो. काही शाळा स्वतःच्या इंग्रजी व गणिताच्या प्रश्नपत्रिका काढतात. काही शाळा आयएसईबी या खासगी शाळांच्या परीक्षा मंडळाची सामाईक पूर्वपरीक्षा घेतात. ती संगणकावर होते. इंग्रजी, गणित, शाब्दिक व अशाब्दिक तर्क असे तिचे चार भाग असतात, आणि मुलाच्या उत्तरांनुसार पुढील प्रश्न सोपे किंवा अवघड होत जातात. ती शैक्षणिक वर्षात एकदाच देता येते आणि तोच निकाल मुलाने अर्ज केलेल्या, ही परीक्षा वापरणाऱ्या सर्व शाळांना जातो. गुण वयानुसार समायोजित होतात, त्यामुळे मुलगा ऑगस्टचा असून वर्गात सर्वांत लहान आहे, ही काळजी निदान या परीक्षेपुरती तुम्ही सोडून द्यावी.

मुलाखतीत पाठांतर उघडे पडते. मुलापुढे एखादे न पाहिलेले चित्र किंवा अपरिचित गणित ठेवतात, तो अडला की एक धागा हाती देतात, आणि तो धागा घेऊन मुलगा पुढे कसा जातो ते पाहतात. त्यांना शिकवता येण्याजोगा मुलगा हवा असतो. आठवड्याला चार तासांची शिकवणी त्यासाठी काही करत नाही. रोज अर्धा तास आवडीचे वाचन आणि जेवताना त्यावर गप्पा पुष्कळ करतात.

जागा मिळाली की पैशांचा खरा करार सुरू होतो, आणि पालक तो वाचत नाहीत. लंडनच्या अनेक शाळांची पत्रे फेब्रुवारीत येतात व मार्चच्या सुरुवातीपर्यंत होकार द्यावा लागतो. सरकारी माध्यमिक शाळांचे निकाल १ मार्चला लागतात, त्यामुळे निर्णयाला जेमतेम काही दिवस मिळतात. होकारासोबत भरलेली अनामत रक्कम शाळा सोडेपर्यंत अडकून राहते. पुढे मुलाला काढायचे झाल्यास एका पूर्ण सत्राची आगाऊ सूचना द्यावी लागते. ती चुकली तर एका सत्राची फी, म्हणजे तुमच्या बाबतीत १०,००० पौंड, भरावी लागते. होकार दिल्यानंतर प्रवेशाआधीच विचार बदलला तरी बहुतेक करारांत हीच अट लागू होते. १ जानेवारी २०२५ पासून फीवर २० टक्के व्हॅट आला, तेव्हा अनेक कुटुंबांना हे कलम प्रथमच वाचावे लागले.

आता तुमचा मूळ प्रश्न. फी ३०,००० आणि बस, जेवण, गणवेश व सहली मिळून आणखी ३,००० धरले, तर पहिल्या वर्षाचा खर्च ३३,००० पौंड होतो. तुमची बचत वर्षाला २४,००० आहे. फी दरवर्षी ५ टक्क्यांनी व बचत ३ टक्क्यांनी वाढली, तर सात वर्षांत एकूण खर्च सुमारे २ लाख ६९ हजार, बचत १ लाख ८४ हजार आणि तूट ८५ हजार पौंड येते. कर व दंड भरल्यावर तुमच्या ठेवी ६४ हजारांच्या आसपास राहतील. त्यांवरील पुढील व्याज काही तूट भरून काढील, पण अखेरीस ठेवी संपतील, हातात तातडीचा निधी नसेल आणि धाकटी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची असेल. तिचा उल्लेख तुमच्या पत्रात शेवटच्या वाक्यात, केवळ वयापुरता आला आहे. वाढीव कर्जाने चित्र सुधारत नाही: ८५ हजार पौंड पावणेपाच टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर ४५ हजारांहून अधिक व्याज जाते. त्यामुळे ठेवी की कर्ज, या प्रश्नाला माझे उत्तर ‘दोन्ही नको’ असे आहे.

शिक्षण पॉलिसीची कागदपत्रे मी पाहिली. वर्षाला दीड लाख रुपये दहा वर्षे भरायचे आणि २०३४ मध्ये सुमारे २४ लाख मिळायचे. परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतो. शाळेची सात वर्षे २०२७ ते २०३४ अशी आहेत, म्हणजे फीसाठी घेतलेली पॉलिसी शेवटची फी भरून झाल्यावर पैसे देणार आहे. विमा संरक्षण १५ लाख, म्हणजे फक्त १३ हजार पौंड, आहे. तुमचे काही बरेवाईट झाले तर त्यातून शाळेचे एक सत्र आणि दुसऱ्याचा थोडा भाग निघेल. परिपक्वतेवरील लाभ भारतात करमुक्त असला तरी ब्रिटनमध्ये करपात्र आहे, हेही विकणाऱ्याने सांगितलेले नाही. हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप (भरलेल्या हप्त्यांपुरतीच चालू) करा आणि ब्रिटनमध्ये तीन लाख पौंडांचा साधा मुदत विमा स्वतःच्या नावाने घ्या. हे या महिन्यातच करा.

मुलाला परीक्षा देऊ द्या, पण दोनच खासगी शाळांचे नोंदणी शुल्क भरा. त्याच तयारीवर बार्नेटच्या क्वीन एलिझाबेथ्स या सरकारी ग्रामर शाळेची परीक्षा देता येते. तीही मुलांचीच शाळा आहे आणि तेथे फी नाही. ती परीक्षा सप्टेंबरमध्ये होते, त्यामुळे नोंदणी उन्हाळ्यातच करावी लागते. स्थानिक परिषदेचा सरकारी शाळांचा अर्ज ३१ ऑक्टोबरपूर्वी भरा, खासगी शाळेची कितीही खात्री वाटत असली तरीही. खासगी शाळा सध्या परवडत नसेल, तर सोळाव्या वर्षी सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी, नवीन मुले घेणाऱ्या मुलांच्या शाळा बऱ्याच आहेत. सातऐवजी दोन वर्षांची फी भरणे तुमच्या उत्पन्नात बसते, आणि मधली पाच वर्षे दरमहा २,००० पौंड दोघांच्या आयसामध्ये, म्हणजे ब्रिटनमधील करमुक्त बचत खात्यांत, साठवता येतात.

अकराव्या वर्षीच प्रवेश घ्यायचा असेल, तर फी चालू उत्पन्नातून निघाली पाहिजे. तुमच्या पत्नीने तीनऐवजी पाच दिवस काम केले, तर महिन्याला अंदाजे १,००० पौंड अधिक हातात येतील आणि सात वर्षांची तूट जवळपास भरून निघेल. मुलीला शाळेनंतर सांभाळण्याचा खर्च त्यातून वजा करावा लागेल, आणि सात वर्षे पूर्ण वेळ नोकरी करणे हा पत्नीच्या आयुष्याचा निर्णय आहे. तिला काय हवे आहे, याबद्दल पत्रात एक शब्दही नाही. हे पत्र तिच्यासोबत बसून वाचा, आणि एचएमआरसीकडे नोंदणी होईपर्यंत शाळेच्या कोणत्याही कागदावर सही करू नका.