तुंबलेलं सिंक आणि ड्रेन पावडर

सिंक तुंबलं की आधी रबरी पंप मार, खालचा बाटली ट्रॅप (सिंकखाली पाइपाला जोडलेला, कचरा अडकणारा बाटलीसारखा भाग) उघडून साफ कर. निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागतं. ड्रेन पावडर सगळ्यात शेवटी.

त्या पावडरीत मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो आणि तो पाण्यात विरघळताना प्रचंड तापतो. त्यावर उकळतं पाणी ओतलंस तर पाइपातच वाफ होऊन ते जाळणारं पाणी उसळून तोंडावर येतं. पाकिटावर लिहिलंय तेवढंच टाक, चेहरा लांब ठेव, चष्मा-हातमोजे घाल. काही पावडरींत ॲल्युमिनियमचे कणही असतात. त्यातून पेट घेणारा हायड्रोजन सुटतो, म्हणून शेगडी बंद, खिडकी उघडी, आणि भोक बुचाने दाबायचं नाही.

पावडरीने काम झालं नाही म्हणून मागून टॉयलेटचं ॲसिड? कधीच नाही! पाइपात दोन्ही भिडले की स्फोटासारखं उसळतं. ब्लीच असेल तर वर विषारी क्लोरीन. प्लंबरला बोलव आणि आत काय टाकलंय ते त्याला आधी सांग, कारण पाइप उघडताना हात-डोळे त्याचे असतात.

डोळ्यात उडालं तर लिंबू-व्हिनेगर नको, नळाखाली निदान 20 मिनिटं धू आणि लगेच दवाखाना गाठ.