बीएमआयवरून वजनाचं लक्ष्य ठरवावं का?

सुरुवातीचा अंदाज घ्यायला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती आहे ते सांगणारा आकडा) चांगला, पण शेवटचा आकडा त्यावरून ठरवू नका. तुम्ही कळवल्याप्रमाणे तुमची उंची १६० सेंमी, वजन ७२ किलो, म्हणजे बीएमआय २८. वाशीच्या जिममध्ये तुम्हाला थेट ५६ किलोचं लक्ष्य दिलंय, ते पहिल्या टप्प्यासाठी फारच लांबचं आहे. मी ठाण्यात आहारतज्ज्ञ आहे. आधी पाच टक्के, म्हणजे साडेतीन किलो उतरवायला सांगते. तेवढ्यानेही रक्तदाब आणि साखर सुधारायला लागते.

आपल्याकडे बीएमआय २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात (जगभर २५ आणि ३०), कारण आपली चरबी पोटावर लवकर साठते. ती बीएमआयला दिसतच नाही! म्हणून शिवणकामाची टेप घेऊन कंबर मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपड्यावरून नाही, श्वास सोडून. पोट आत ओढू नका. कमरेची मर्यादा बायकांसाठी ८० सेंमी, पुरुषांसाठी ९०. त्याखाली येणं जास्त मोलाचं. गरोदरपणात किंवा अंगावर सूज असताना मात्र यातलं काहीच लावू नका, डॉक्टरांना विचारा.