‘बिन’ म्हणजे बापाविना नव्हे

लालबागच्या एका वाचकाने विचारलंय : “रत्नागिरीकडच्या आमच्या गावचा जुना मोडी उतारा वाचून घेतला. त्यात ‘रामजी बिन सखोजी’ असं आहे. म्हणजे रामजीचा बाप तेव्हा हयात नव्हता का?”

नाही हो. हा बिन अरबी, अर्थ ‘मुलगा’. रामजी हा सखोजीचा मुलगा, एवढंच. बिनचूक, बिनभाड्याचं यांतला बिन निराळा, ‘विना’च्या घरातला. गंमत अशी की महसुली कागदांत दोघेही नांदतात : खातेदाराच्या नावात एक, ‘बिनशेती’त दुसरा. वल्द हाही अरबीच, अर्थ तोच.

बाईच्या नावाला मात्र ‘कोम’ लागतं आणि पुढे येतो नवरा. ‘राधाबाई कोम सखोजी’ वाचून सखोजीला तिचा बाप समजलात की वंशावळ घसरलीच.

बाप हयात नसल्याचा सुगावा लागतो तो ‘अ.पा.क.’वरून. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीन मुलाचा पालक. ‘रामजी बिन सखोजी अ.पा.क. आई राधाबाई’ असं दिसलं, तर रामजी तेव्हा सज्ञान नव्हता आणि सखोजी बहुधा गेलेला होता. एका ओळीत तीन माणसं आणि एकाचं अंदाजे वय! मला तर आडनावापेक्षा ही तीन अक्षरं जास्त मोलाची वाटतात. जुन्या नोंदींत आडनाव पुष्कळदा नसतंच.

मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत. ‘रामजीबीनसखोजी’ अशी सलग ओळ असते, ती कुठे तोडायची ते वाचणाऱ्यावर. त्यात आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. पुढच्या कागदात ‘सखोजी बिन रामजी’ भेटला, तर लेखनिक चुकला म्हणू नका; तो बहुधा नातू. खात्री करायची तर वर्ष बघा, आणि 1903 च्या हक्कनोंदणी कायद्यानंतरचं प्रकरण असेल तर वारसाचा फेरफार, म्हणजे नाव बदलल्याची नोंद काढा; ती गाव नमुना 6 मध्ये असते. गाव तेव्हा खोतीचं असेल, म्हणजे सारा वसूल करणारा खोत असेल, तर मालकाच्या रकान्यात बहुधा खोतच दिसेल, तुमची माणसं कुळांत शोधा.

लालबागच्या खोलीच्या कागदांवरून हे काही सापडायचं नाही. मुंबई शहरात सातबारा नसतो, मालमत्ता पत्रक असतं. तेव्हा मोडीवाल्यांकडे पुन्हा जा आणि सखोजीच्या पुढे काही तुटक अक्षरं सुटलीत का, ते तेवढं विचारा.