अकरावीचा अल्पसंख्याक कोटा नेमका कुणाचा?

प्रश्न : आम्ही मुस्लिम, राहायला गोवंडीला. मुलीला दहावीत 82 टक्के मिळाले. झेवियर्स अल्पसंख्याक कॉलेज आहे, मग तिथे तिला अल्पसंख्याक कोट्यातून प्रवेश मिळेल का?

नाही. मुंबईतले कित्येक पालक दरवर्षी इथेच फसतात. कोटा सरसकट सगळ्या अल्पसंख्याकांचा नसतो, ज्या समाजाची संस्था त्याच समाजाचा असतो. झेवियर्सचा कोटा ख्रिश्चनांचा, जयहिंद आणि के. सी.चा सिंधी भाषकांचा, मिठीबाईचा गुजराती भाषकांचा. तुमच्या मुलीसाठी कोटा आहे तो नागपाड्याचे महाराष्ट्र कॉलेज, माझगावचे बुऱ्हाणी, वांद्र्याचे रिझवी अशा मुस्लिम संस्थांत. झेवियर्ससाठी तिला कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतूनच, खुल्या कटऑफवर अर्ज करावा लागेल.

तिथे जागा किती उरतात तेही पाहा. 120 जागांच्या तुकडीत 50 टक्के म्हणजे 60 जागा अल्पसंख्याक कोट्याच्या, 10 टक्के म्हणजे 12 इनहाउसच्या (त्याच संस्थेच्या शाळेतून आलेल्यांच्या), 5 टक्के म्हणजे 6 मॅनेजमेंटच्या. बाकीच्या सगळ्यांसाठी 42. कटऑफ इतका वर चढतो त्यामागे हेही एक कारण आहे. कोट्यातल्या न भरलेल्या जागा कॉलेजने परत केल्या तर त्या कॅपमध्ये येतात, म्हणून पहिल्या फेरीचा कटऑफ पाहून नाव सोडून देऊ नका.

भाषिक कोट्यात धर्म पाहत नाहीत, मातृभाषा पाहतात. गुजराती मातृभाषा असलेला पारशी मुलगा मिठीबाईच्या कोट्यात बसतो. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मातृभाषेच्या रकान्यात 'हिंदी' किंवा 'इंग्रजी' पडले असेल तर हक्क तिथेच अडतो. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांकडे अर्ज करून ही नोंद सुधारून घ्या. एकदा दाखला हातात पडला की शिक्षण खात्याच्या मंजुरीसाठी खेटे घालावे लागतात, आणि प्रवेशाच्या तारखा तोवर थांबत नाहीत.

प्रश्न : कोट्यात अर्ज केला तर कॅपचा हक्क जातो का?

अर्ज केल्याने जात नाही, प्रवेश निश्चित केल्यावर जातो. दोन्ही अर्ज भरा. 2025च्या प्रक्रियेत कॅपसाठी 1 ते 10 पसंती देता येत होत्या. पहिल्याच पसंतीचे कॉलेज मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद आणि थेट 'सर्वांसाठी खुल्या' फेरीची वाट पाहणे आले. म्हणून रोज जाणे-येणे जमेल, फी झेपेल, असेच कॉलेज पहिल्या क्रमांकावर घाला.

प्रश्न : आम्ही बागवान. ओबीसी दाखला आहे. तो अल्पसंख्याक कॉलेजात का चालत नाही?

कारण घटनेच्या कलम 15(5) मध्येच अल्पसंख्याक संस्थांना मागासवर्गीयांच्या आरक्षणातून वगळले आहे. कलम 15(6) प्रमाणे ईडब्ल्यूएसचे, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणाचेही तेच. मे 2025च्या शासन निर्णयाने अकरावीसाठी या कॉलेजांतही सामाजिक आरक्षण लावले होते, त्या भागाला जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली.

तुमचा दाखला उपयोगी पडतो तो रुईया, पोदार, रुपारेल अशा बिगर-अल्पसंख्याक कॉलेजांत. तिथे ओबीसींना 19 टक्के जागा आहेत. बागवान, तांबोळी, पिंजारी ही मंडळी ओबीसी यादीत असूनही 'आपण मुस्लिम, आपल्याला आरक्षण नाही' असे धरून खुल्या प्रवर्गात अर्ज भरतात, याचे फार वाईट वाटते. 2014 मध्ये मुस्लिमांसाठी काढलेला 5 टक्क्यांचा अध्यादेश त्याच वर्षाअखेर संपला. त्याचा या ओबीसी हक्काशी काही संबंध नाही. ज्यांची जात कुठल्याच यादीत नाही आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे, त्या मुस्लिम-ख्रिश्चन कुटुंबांनी ईडब्ल्यूएस दाखल्याची चौकशी करावी. बिगर-अल्पसंख्याक कॉलेजांतल्या ईडब्ल्यूएसच्या 10 टक्के जागांना धर्माची अट नाही. दाखल्यांसाठी तहसील कार्यालयात निकालानंतर झुंबड उडते. अर्ज दहावीच्या परीक्षेआधीच देऊन ठेवा.