डोंगरउतारावरच्या, समुद्र दिसणाऱ्या गोल्फ कोर्सवर पहिल्यांदा खेळताना काय लक्षात ठेवावे?

हवाई बेटांपैकी माउईवरचा कपालुआचा प्लँटेशन कोर्स याचे उत्तम उदाहरण आहे. पूर्वी अननसाची लागवड असलेल्या डोंगरउतारावर गोल्फ कोर्सचे रचनाकार बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी आखलेला हा कोर्स १९९१ मध्ये खुला झाला.

येथे सपाट जागी उभे राहून फटका मारण्याची संधी क्वचितच मिळते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू पायांपेक्षा उंचावर असेल तर तो डावीकडे वळतो, म्हणून नेम थोडा उजवीकडे धरावा, क्लब (गोल्फची काठी) किंचित खाली पकडावा आणि पूर्ण ताकदीऐवजी तोल सांभाळून फटका मारावा.

खरी कसोटी मात्र ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर लागते. उतार, ईशान्येकडून येणारा व्यापारी वारा आणि बर्म्युडा गवताच्या पात्यांचा कल या तिन्हींचा परिणाम एकाच वेळी होत असल्याने डोळ्यांना सपाट वाटणारा पट (चेंडू होलकडे घरंगळवणारा हलका फटका) अनेकदा प्रत्यक्षात समुद्राच्या दिशेने उतरत असतो. म्हणून पट करण्यापूर्वी मागे वळून डोंगर कोणत्या बाजूला आहे ते पाहावे आणि होलच्या (चेंडू पडतो त्या खळग्याच्या) कडेचे गवतही न्याहाळावे. ज्या बाजूची कड विस्कटलेली, तिकडे पात्यांचा कल असतो.

अठरावा होल, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून ग्रीनपर्यंतचा शेवटचा टप्पा, ६५० यार्डांहून लांब असूनही उतार आणि पाठीवरचा वारा यांमुळे व्यावसायिक खेळाडू दोन फटक्यांत ग्रीन गाठतात. हिवाळ्यात गेलात तर समोरच्या समुद्रात हंपबॅक देवमासे दिसतात. त्यासाठी दोन मिनिटे जरूर थांबावे, मात्र मागच्या गटाला खोळंबू देऊ नये.