विरोधी पक्षाचा आमदार सभागृहात देशाचे आणि गल्लीचे प्रश्न विचारतो, त्याने खरंच काही होतं का?

होतं. पण तुम्ही टीव्हीवर जिथे बघता तिथे होत नाही.

तुमचं म्हणणं असं की तुमचा आमदार विरोधी बाकावर आहे, कधी जीएसटीवर बोलतो, कधी तुमच्या भागातल्या रस्त्यावर, आणि पदरात काही पडलेलं दिसत नाही, मग त्याचा उपयोग काय. आमचे थोरले भाऊजी दर दिवाळीला मला हेच विचारतात. फरक एवढाच, की त्यांना उत्तर नको असतं. "सत्तेतला आमदार पाहिजे, कामं होतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणून तुमच्या निमित्ताने एकदाचं लिहून टाकतो.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. आमच्याकडे घरात माग तरी असतो नाहीतर विड्यांचं सूप तरी. आमच्या घरी सूप होतं. तेंदूचं पान भिजवायचं, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधून तोंड मुडपायचं, हे अम्माचं सकाळपासून रात्रीपर्यंत चालायचं. मजुरी हजार विड्यांवर. तो दर तेव्हा किमान वेतन कायद्याखाली राज्य सरकार ठरवायचं. हे झालं कागदावर. कारखान्याच्या शाखेत हातात त्याहून कमीच पडायचं, आणि वर छाट. तपासणारा मूठभर विड्या उचलून "ह्या खराब" म्हणत बाजूला टाकणार, त्यांची मजुरी कापणार आणि त्या विड्या परतही देणार नाही. खराब आहेत तर ठेवून कशाला घेता, हे अम्मा घरी येऊन आम्हाला विचारायची. तिथे विचारलं तर दुसऱ्या दिवशी पान कमी मिळायचं.

गल्लीतल्या बायकांच्या सह्या-अंगठे घेऊन मी अर्ज केला. ज्या कार्यालयात दिला तिथल्या बाबूने मान वर न करता शिक्का मारून पोच दिली. पुढे काही नाही. आमचे त्या वेळचे आमदार सत्ताधारी पक्षाचे. माणूस वाईट नव्हता, चहा पाजला. म्हणाले, "आपलंच सरकार आहे, आपणच सभागृहात कसं विचारायचं? साहेबांच्या कानावर घालतो." त्या कानात ते अजून असेल.

मग कोणीतरी सुचवलं म्हणून दुसऱ्या मतदारसंघातल्या, विरोधी बाकावरच्या आमदारांकडे गेलो. आम्ही त्यांचे मतदारही नव्हतो. त्यांनी एकच विचारलं, "मजुरीची कार्डं आहेत? झेरॉक्स द्या." त्यांच्या पीएने माझ्यासमोर प्रश्न टाइप केला. विधानसभेच्या प्रश्नाचा साचा ठरलेला असतो: अमुक ठिकाणी विडी कामगारांना किमान वेतनापेक्षा कमी मजुरी दिली जाते, हे खरे आहे काय, असल्यास, चौकशी केली आहे काय, त्यानुसार कोणती कारवाई केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

अधिवेशनात काय झालं? काहीच नाही. प्रश्नोत्तराचा तास नावाप्रमाणे एक तासाचा, यादी लांबलचक, वरचे थोडे प्रश्न चर्चेला येतात. आमचा खाली होता, आणि तो दिवस तसाही गोंधळात गेला. भाऊजी इथपर्यंत ऐकतात आणि "बघ" म्हणून उठतात.

जे झालं ते अधिवेशनाच्या आधी झालं. प्रश्न स्वीकारला गेला की मंत्रालयातून खात्याला आणि खात्याकडून जिल्ह्याला माहिती मागवली जाते. कार्यालयात याला 'एलएक्यू' म्हणतात, म्हणजे लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन, विधानसभेतला प्रश्न. मोर्चाला कोणी एवढं घाबरत नाही, कारण मोर्चा संध्याकाळी घरी जातो. एलएक्यूच्या माहितीखाली मात्र कोणालातरी सही करावी लागते, आणि ती खोटी निघाली तर प्रकरण हक्कभंगापर्यंत जाऊ शकतं. ज्या बाबूने मान वर केली नव्हती त्याचाच मला फोन: "तुमच्याकडे अर्जाची प्रत आहे का हो? आमची सापडत नाहीये."

मग जीप गल्लीत आली. अधिकारी आमच्या ओट्यावर बसले. अम्माने काम थांबवलं नाही. दोऱ्याचं टोक दातात धरून, निम्मं तेलुगू निम्मं मराठी, तिने हजारामागे किती मिळतात आणि छाट किती जाते ते सांगितलं. शाखेचा माणूस थंडाची बाटली घेऊन धावत आला. साहेबांनी ती हातात घेतली नाही, हे आमच्या गल्लीत अजून सांगतात.

उत्तर छापून आलं: हे अंशतः खरे आहे, तपासणीत त्रुटी आढळल्याने संबंधितांना लेखी सूचना दिल्या आहेत, प्रश्न उद्भवत नाही. तीन ओळी. पण सरकारने छापून दिलेल्या तीन ओळी. बायकांनी त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि शाखेत तपासणाऱ्याच्या टेबलावर ठेवल्या. छाट कमी झाली, दर कार्डावर लिहायला लागले. मागचा फरक एक रुपया मिळाला नाही, तेही सांगतो.

आता देशाचे प्रश्न. "आमदाराने गटार बघावं, जीएसटी कशाला," असं म्हणणाऱ्यांनी एकदा पूर्व भागात यावं. २०१७ ला विडीवर २८ टक्के जीएसटी लागला, तेंदूपत्त्यावर १८. त्याचा फटका दिल्लीला बसला की सूप मांडीवर घेतलेल्या बाईला? केंद्राचा विषय म्हणून असा प्रश्न नाकारला जाऊ शकतो, पण जीएसटी परिषदेत राज्याचा मंत्री बसतो. तुम्ही तिथे आमच्यासाठी काय बोललात, हे अर्थसंकल्पाच्या चर्चेत विचारता येतं आणि विचारायलाच हवं. २०२५ च्या सप्टेंबरात विडीवरचा कर १८ आणि पानावरचा ५ टक्के करण्याचा निर्णय झाला. तो कोणाच्या भाषणामुळे झाला असा दावा मी करणार नाही. उजनीचंही तसंच. धरण भरून वाहतं आणि सोलापूरच्या नळाला काही दिवसांआड पाणी. हे सत्तेतल्या आमदाराने विचारलं तर मंत्री "योजना प्रगतिपथावर आहे" म्हणतो आणि आमदार खाली बसतो. विरोधातला बसत नाही.

भाऊजींना मी नेहमी सांगोला ऐकवतो. शेकापचे गणपतराव देशमुख ऊर्फ आबासाहेब यांना तिथल्या लोकांनी १९६२ पासून ११ वेळा निवडून दिलं. मधला थोडा मंत्रिपदाचा काळ सोडला तर आबासाहेब विरोधातच बसले, एसटीने फिरले. सांगोल्याची माणसं काय खुळी होती? यावर भाऊजी माकपचे माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, यांना पुढे करतात: सोलापूरजवळच्या कुंभारीच्या रे नगरात ३०,००० घरांचा प्रकल्प त्यांनी रेटला, त्यातल्या १५,००० घरांचा ताबा २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांच्या हस्ते मिळाला, आणि तेव्हा मास्तर आमदार कुठे होते? बरोबर आहे. पण मग सत्तेतल्या आमदाराचं तुणतुणं तरी कशाला?

तुमच्या आमदाराकडे जायचं तर तोंडी गाऱ्हाणं नेऊ नका. पोच घेतलेला अर्ज, तारीख, पावती, फोटो न्या, आणि अधिवेशनाच्या बऱ्याच आधी जा. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात. त्याने याआधी काय विचारलंय ते तिथे बघा. नुसता विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक धरून उभा राहणारा असेल तर दुसऱ्या मतदारसंघातला गाठा.

आणि हो, निधीच्या बाबतीत भाऊजींचं थोडं खरं आहे. आमदार निधी दोन्ही बाकांना मिळतो, पण जिल्हा नियोजनाचा पैसा पालकमंत्र्यांच्या मर्जीने फिरतो आणि विरोधकाला ताटकळावं लागतं. त्यात २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ पैकी दहावा हिस्साही कुठल्या एका विरोधी पक्षाकडे आला नाही, त्यामुळे आवाज आणखी बारीक झालाय.

भाऊजींच्या गल्लीत सत्तेतल्या आमदाराने पेव्हर ब्लॉक बसवले होते. दुसऱ्या पावसाळ्यात ते उखडले. ठेकेदार कोण, बिल किती निघालं, हे विचारायला सत्तेतला कोणी तयार नाही. आता त्यांना विरोधी आमदार हवाय. अर्ज मीच लिहून दिलाय, सही त्यांची.