त्रेपन्न की पन्नास तीन?

प्रश्न : थोरल्या नातवाच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ असं वाचन होतं. आता धाकटा ‘त्रेपन्न’ ऐकून 35 लिहितो. आकड्यांची नावं बदलायचा अधिकार कुणाला?
– एक आजी, सांगली

उत्तर : आजी, मी एकतीस वर्षं दुसरीला शिकवलं. ‘त्रेपन्न’ म्हटलं की पाटीवर 35 लिहिणारी मुलं मला दर वर्षी भेटली. त्यात त्यांची चूक नाही. ‘त्रे’ आधी ऐकू येतं, म्हणून तीन आधी लिहिलं जातं.

हीच अडचण ओळखून 2019 साली बालभारतीच्या पुस्तकात तो पर्याय आला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. ‘त्रेपन्न’ काढलं नव्हतं, दोन्ही वाचनं दिली होती. या बदलावरून तेव्हा उठलेल्या गदारोळात हे फार थोड्यांनी वाचलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

अधिकाराचं म्हणाल, तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 नुसार राज्य सरकार एक शैक्षणिक प्राधिकरण नेमतं आणि ते अभ्यासक्रम ठरवतं. आपल्याकडे ते काम पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद करते. पुस्तकं बालभारती काढते. 2024 मध्ये परिषदेनं अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी खुला केला होता. पुढचा मसुदा आला की तुम्ही जरूर लिहा. आज्यांचं म्हणणं तिथे पोचायलाच हवं.

तोवर नातवाला काड्या द्या. दहा-दहाच्या पाच जुड्या रबर लावून, तीन सुट्या. जुड्या डावीकडे ठेवायला सांगा, मग लिहू द्या.